मोठ्या, उंचसखल बागेसाठी परवडणारे गवत कापण्याचे यंत्र कोणते घ्यावे?

कोकणमाती

नमस्कार. दापोली तालुक्यात आमची तीस गुंठे वडिलोपार्जित जागा आहे. निवृत्तीनंतर आम्ही दोघे आता कायमचे येथे राहायला आलो आहोत. घरासमोर साधारण चार गुंठ्यांचे बऱ्यापैकी सपाट आवार असून तेथे हरळी आपोआप पसरलेली आहे. घरामागे मात्र जमीन चार मजग्यांनी, म्हणजे पायरीसारख्या टप्प्यांनी, उतरत खाली पऱ्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) जाते. त्या भागात जुनी हापूसची कलमे, काजू, काही माड आणि गेल्या दोन पावसाळ्यांत लावलेली लहान रोपे आहेत. मातीचा थर कोठे हातभर, तर कोठे चार बोटेही नाही, आणि मध्ये मध्ये कातळ वर आलेला आहे. गडग्यांचे (रचलेल्या दगडी बांधांचे) सुटे दगड पावसात घरंगळून गवतात पडतात ते वेगळेच.

आजवर बेणणी (गवतकापणी) मजुरांकडून कोयत्याने करून घेत होतो. परंतु गवत जेव्हा सर्वांत जोरात वाढते त्याच दिवसांत भाताची लावणी सुरू असते, त्यामुळे माणूस मिळत नाही, आणि मिळेपर्यंत गवत कमरेएवढे झालेले असते. म्हणून यंत्र घेण्याचे ठरवले आहे. अंदाजपत्रक पंचवीस हजारांचे आहे. अगदीच गरज पडली तर तीस हजारांपर्यंत जाता येईल.

दुकानदाराने तीन प्रकार दाखवले: चाकांवर ढकलत न्यायचे पेट्रोलचे लॉन मोव्हर, तसेच विजेवर चालणारे लॉन मोव्हर आणि खांद्याला अडकवायचा, लांब दांड्याच्या टोकाला पाते फिरणारा टू-स्ट्रोक ब्रश कटर. पहिले दिसायला मजबूत वाटते, दुसरे स्वस्त आहे आणि तिसरे आसपासच्या बागांमध्ये सर्रास दिसते. यंत्र बहुतेक वेळा मी स्वतःच चालवणार आहे आणि माझे वय साठीच्या पुढे आहे. अशा जागेसाठी यांतील कोणते यंत्र खरोखर उपयोगाचे ठरेल, आणि खर्चाचा विचार करताना खरेदीच्या किमतीपलीकडे काय पाहावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

आंबेबाग_राजापूर

नमस्कार. तुमच्या जागेचे वर्णन वाचून माझे मत स्पष्ट आहे: तीस गुंठ्यांसाठी एकच यंत्र घ्यायचे असेल, तर ते ब्रश कटरच असावे. लॉन मोव्हर घेऊन मजग्यांवर उतरू नका.

याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. लॉन मोव्हरचे पाते चार चाकांच्या मधोमध, जमिनीला समांतर फिरते. जमीन सपाट असेल तर चाकांची उंची आणि पात्याची उंची यांचे नाते कायम राहते. परंतु दोन चाकांच्या मध्ये उंचवटा आला, तर चाके खाली राहतात आणि पाते थेट त्या उंचवट्याला भिडते. माती असेल तर हरळी मुळासकट खरवडली जाते. जांभ्याचा दगड असेल तर पाते जाते, आणि कधी कधी त्याहून महागाचा भागही जातो. मोव्हर जितका रुंद, तितका हा त्रास अधिक. म्हणून मोठी जागा म्हणजे मोठा मोव्हर हा हिशेब उंचसखल जमिनीला लागू पडत नाही. शिवाय ही यंत्रे नियमित कापल्या जाणाऱ्या, वीतभराहून कमी उंचीच्या गवतासाठी केलेली असतात. श्रावणातल्या कमरेएवढ्या ओल्या गवतात पात्याखालची जागा गच्च भरते आणि इंजिन बंद पडते.

ब्रश कटरमध्ये पात्याची उंची चाके ठरवत नाहीत, तुमचा हात ठरवतो. कातळाच्या कडेने, गडग्याच्या सांध्यातून, माडाच्या आळ्याभोवती, मजगीच्या उभ्या बांधावर, सगळीकडे तो जातो. वेगाबद्दल मात्र वास्तव अपेक्षा ठेवा. दाट गवत, झाडे आणि दगड असलेल्या जागेत सरावलेला माणूस तासाला तीन ते चार गुंठे करतो. म्हणजे मागचे सव्वीस गुंठे सात ते नऊ तासांचे काम आहे. ते एका दिवसात उरकण्याचा हट्ट न धरता तीन-चार सकाळींत वाटून घ्यावे.

यंत्रापेक्षा आधी एक काम करा, त्याला जवळजवळ खर्च नाही. मे महिन्यात गवत वाळून जमीन उघडी पडते तेव्हा संपूर्ण जागेवरून फिरा. सुटे दगड उचलून पुन्हा गडग्यावर रचा, आणि जो कातळ हलणार नाही त्याच्या कडेला उंच खुंट ठोकून टोकाला चुना लावा. ऑगस्टमध्ये गवताखाली काय आहे ते दिसत नाही. खुंट मात्र दिसतो. याने पाती किती वाचतात ते पहिल्याच हंगामात लक्षात येईल.

चाकेपाने_चिपळूण

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. दुरुस्तीच्या बाजूने काही गोष्टी जोडतो, कारण माझ्याकडे ही यंत्रे बिघडल्यावर येतात.

चाकांच्या पेट्रोल मोव्हरमध्ये पाते बहुधा थेट इंजिनच्या क्रँकशाफ्टला, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याला, बसवलेले असते. पाते पक्क्या कातळावर आदळले की तो धक्का सरळ क्रँकशाफ्टला बसतो. तो किंचित जरी वाकला तरी यंत्र थरथरू लागते, आणि ती दुरुस्ती नव्या यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करते. ब्रश कटरमध्ये इंजिन आणि पाते यांच्यामध्ये क्लच, लांब शाफ्ट आणि पुढचा छोटा गिअरबॉक्स असतो. धक्का बसतोच, पण तो वाटेत बराचसा जिरतो, आणि खराब होणारे भाग तुलनेने स्वस्त असतात.

आता टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हा प्रश्न. दुकानात ४३ किंवा ५२ सीसीची टू-स्ट्रोक यंत्रे साधारण आठ ते बारा हजारांत मिळतात. चांगल्या कंपनीचे ३५ सीसीच्या आसपासचे फोर-स्ट्रोक यंत्र साधारणपणे तुमच्या पंचवीस ते तीस हजारांच्या मर्यादेत बसते. सीसीचा आकडा मोठा म्हणून ताकद मोठी असे गृहीत धरू नका, आणि निम्म्या किमतीच्या मोहातही पडू नका. स्वतः चालवणार असाल, तर माझी शिफारस फोर-स्ट्रोकची आहे.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. पुस्तिकेत २५:१ लिहिले असेल तर एका लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. हे प्रमाण मापानेच घ्यायचे असते. घाईच्या सकाळी कोणी अंदाजाने ओतले आणि ऑइल कमी पडले, तर पिस्टन घासून जाम होतो. माझ्याकडे येणाऱ्या टू-स्ट्रोक यंत्रांत हाच बिघाड सर्वांत जास्त असतो. फोर-स्ट्रोकमध्ये साधे पेट्रोल टाकायचे आणि ऑइल वेगळे. उदाहरणार्थ, होंडाच्या ३५.८ सीसीच्या जीएक्स३५ इंजिनात फक्त १०० मिली ऑइल बसते. प्रमाण इतके थोडे असल्यामुळे दर वेळी सुरू करण्यापूर्वी ते तपासणे आवश्यक आहे, पण मिश्रणाची काळजी नाही. पेट्रोलही कमी लागते: तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तर मोठ्या टू-स्ट्रोकला लिटरच्या आसपास. आवाज आणि धूरही कमी, आणि साठीनंतर कान व हात यांचा विचार आधी करावा असे मला वाटते.

इंधनाबद्दल एक सूचना सर्वांनाच लागू आहे. सध्या पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. पाण्याचे प्रमाण वाढले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे बसते, आणि कार्ब्युरेटर नेमका तळातूनच इंधन घेतो. त्यामुळे महिनाभराचे पेट्रोल कॅनमध्ये भरून ठेवू नका. हंगाम संपल्यावर टाकी पूर्ण रिकामी करा, यंत्र सुरू करून उरलेले इंधन संपेपर्यंत चालू द्या, आणि मगच ते वर टांगून ठेवा. जूनमध्ये यंत्र सुरू होत नाही म्हणून जी रांग लागते, तिचे मूळ बहुतेक वेळा मागच्या ऑक्टोबरात टाकीत राहून गेलेल्या पेट्रोलमध्ये असते.

शेवटचे म्हणजे, यंत्र पसंत करण्यापूर्वी दुकानदाराला त्याचा कार्ब्युरेटर, क्लच, एअर फिल्टर आणि पुढचा गिअरबॉक्स हे सुटे भाग दाखवायला सांगा. ‘मागवून देतो’ असे उत्तर आले, तर दुसरे दुकान पाहा. पावसाळा चार महिन्यांचा असतो आणि त्यातले तीन आठवडे भागाची वाट पाहण्यात गेले, तर स्वस्तात घेतलेले यंत्र स्वस्त राहत नाही.

हिरवळ_मुळशी

मागच्या मजग्यांबद्दल वरील दोघांचे म्हणणे योग्यच आहे. पण पुढच्या चार गुंठ्यांच्या बाजूने मला बोलायचे आहे, कारण आवाराची हरळी आणि बागेतले रान ही दोन वेगळी कामे आहेत. ब्रश कटरला पात्याऐवजी बसणाऱ्या नायलॉन दोरीने हरळी कापता येते, पण एकसारखी येत नाही. जेथे हात खाली गेला तेथे टक्कल पडते आणि त्या जागी लव्हाळ्याचे तण शिरते. हरळी दाट ठेवायची असेल, तर ती एका उंचीवर वारंवार आणि थोडी थोडी कापावी लागते. एका वेळी पानाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापू नये.

चार गुंठे म्हणजे सुमारे ४०५ चौरस मीटर. सोळा इंची, म्हणजे ४० सेंटिमीटर रुंदीचा मोव्हर घेऊन तुम्ही ताशी तीन किलोमीटरच्या सावकाश चालीने गेलात, तर कागदावर तासाला १२०० चौरस मीटर होतात. वळणे आणि पट्ट्यांवर पट्टी चढवणे धरून त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे ८०० धरू. आवार अर्ध्या तासात होते. एवढ्याशा कामासाठी पेट्रोलचा मोव्हर घेण्याची गरज नाही. त्यासाठी विजेवरचा लहान मोव्हर पुरेसा आहे आणि तो साधारण आठ ते पंधरा हजारांत येतो.

विजेच्या मोव्हरमध्ये लोक यंत्राची चौकशी करतात आणि वायरची करत नाहीत. १६०० वॉटचा मोव्हर २३० व्होल्टवर सुमारे सात अँपिअर घेतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने ५० मीटर अंतर गेलात, तर जाऊन-येऊन १०० मीटर तार होते आणि वायरमध्ये साधारण साडेआठ व्होल्ट पडतात. हे चालण्याजोगे आहे. परंतु तीच वायर १०० मीटर ओढून मजग्यांवर नेली तर १७ व्होल्ट जातात. खेड्यात पावसाळ्यात मुळातच दाब कमी असतो. त्यात ही घट पडली की मोटर तापते. म्हणून घराजवळ विजेचा मोव्हर चांगला, घरामागे मुळीच नाही. प्लगच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असल्याशिवाय तो वापरू नये, आणि ओल्या गवतावर तर अजिबातच वापरू नये. कोकणात याचा अर्थ असा की पावसाची मोठी उघडीप मिळेल तेव्हाच आवार कापता येईल. ही मर्यादा मान्य असेल तरच तो घ्या.

मोव्हर आणण्याआधी आवारातले खड्डे मातीने भरून घ्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला चाळलेली माती आणि शेणखत यांचा बोटभर थर खळग्यांत पसरला, की हरळी त्यातून वर येते आणि जमीन हळूहळू समतल होते. कापण्याची उंचीही पहिल्या वर्षी सर्वांत वरच्या खाचेवर ठेवा.

कोकणमाती

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. आता चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. या वर्षी फोर-स्ट्रोक ब्रश कटर घ्यावा आणि आवाराचा मोव्हर पुढच्या वर्षावर ठेवावा, असा विचार आहे.

तीन शंका उरल्या आहेत. पहिली: दुकानात कडेला अडकवायचा आणि पाठीवर घ्यायचा असे दोन नमुने आहेत, वयाचा विचार करता कोणता बरा? दुसरी: लहान कलमांभोवतीचे गवत कसे काढावे? शेजारच्या बागेत यंत्राच्या दोरीने रोपाची साल गोलाकार सोलली गेलेली मी पाहिली आहे. तिसरी: सातबारा आमच्या नावावर आहे, तर सरकारी अनुदान मिळू शकते का?

आंबेबाग_राजापूर

पाठीवरच्या यंत्रात इंजिनाचा भार दोन्ही खांद्यांवर येतो, म्हणून ते हलके वाटते आणि बांधाच्या उभ्या बाजूवर ते सोयीचे पडते. पण त्याचा लवचीक शाफ्ट झिजतो, आणि उतारावर पाय घसरला तर यंत्र पाठीवरून चटकन सोडवता येत नाही. कडेच्या यंत्राला सायकलसारखा रुंद हँडल असतो. पाते दगडाला लागून उडाले तरी हँडलमुळे ते तुमच्या पायाकडे सहजासहजी येत नाही. तुमच्याकडे दगड आहेत, म्हणून मी कडेचेच घ्या म्हणेन. मात्र सोबत येणारा एका खांद्याचा पट्टा बाजूला ठेवा आणि दोन्ही खांद्यांवर व कमरेवर भार वाटणारा दुहेरी पट्टा वेगळा विकत घ्या. दुकानातच तो अंगावर चढवून यंत्र अडकवा. हात सोडल्यावर पाते जमिनीपासून चार-सहा बोटांवर समतोल राहिले पाहिजे. ते पुढे झुकत असेल, तर अडकवण्याचा हूक शाफ्टवर पुढे सरकवून घ्या. हा समतोल नीट असेल तर कंबर दुखत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने थांबावे, कारण थरथरीमुळे बोटे बधिर होतात, आणि बधिर बोटांनी यंत्र चालवणे योग्य नाही.

रोपांबद्दल तुम्ही पाहिलेली गोष्ट फार महत्त्वाची आहे. साल पूर्ण वर्तुळात गेली की पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे उतरत नाही आणि कलम त्या हंगामात नाही तर पुढच्या हंगामात मरते. तीन-चार वर्षांपर्यंतच्या प्रत्येक रोपाला जाड पीव्हीसी पाइपचा हातभर लांब तुकडा उभा चिरून बुंध्याभोवती बसवा. पाइप बुंध्यापेक्षा बराच रुंद असू द्या, आत पाणी साचणार नाही आणि वाळवी लागलेली नाही हे अधूनमधून बघा. बुंध्यापासून दोन फुटांच्या आतले गवत मात्र विळ्यानेच काढावे. तेथे यंत्र नेऊ नये. कापलेले गवत बी धरण्याआधीचे असेल, तर तेच आळ्यात आच्छादन म्हणून पसरा, फक्त बुंध्याला चिकटू देऊ नका.

कापणीच्या वेळा पाळल्यात तर कामही कमी होते. पहिली कापणी गवत गुडघ्यापर्यंत येताच, साधारण जुलैच्या मध्यावर, नायलॉन दोरीने. रानमोडी आणि घाणेरीसारखी लाकडी झुडपे असतील तेथे तीन पात्यांचे पोलादी ब्लेड लावा. शेवटची कापणी पाऊस ओसरताना, गवत बी धरण्याच्या आत. ही शेवटची कापणी कधीही चुकवू नका, कारण उभे गवत वाळले की डिसेंबरनंतर वणव्याची भीती असते, आणि मोहोराच्या वेळी बागेत आग शिरली तर वर्षाचे उत्पन्न जाते.

सुरक्षिततेसाठी गुडघ्यापर्यंतचे गमबूट, जाळीचा मुखवटा आणि त्याच्या आत साधा चष्मा वापरा. बारीक खडा जाळीतून आत येऊ शकतो. पंधरा मीटरच्या आत कोणी माणूस किंवा जनावर नसावे. पावसाळ्यात दाट गवतात आणि गडग्यांच्या फटींत फुरसे व घोणस असतात. यंत्राच्या आवाजावर विसंबू नका, आधी लांब काठीने गवत हलवा.

अनुदानाबद्दल: कृषी यांत्रिकीकरण योजनेत राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, तर इतरांना ४० टक्के अनुदान असते, तेही त्या अवजारासाठी ठरवलेल्या कमाल मर्यादेतच. पूर्वसंमती मिळण्याआधी यंत्र विकत घेतले, तर अनुदान मिळत नाही. तीस गुंठे म्हणजे एक हेक्टरच्या आत. दुसरीकडे जमीन नसेल तर तुम्ही अत्यल्प भूधारकांत येता. तालुका कृषी कार्यालयात यंत्राचे नेमके मॉडेल यादीत आहे का, हे आधी विचारून घ्या.

कोकणमाती

कळवण्यास आनंद होतो की पूर्वसंमती आल्यावर फोर-स्ट्रोक, कडेचे यंत्र दुहेरी पट्ट्यासह घेतले. वरच्या दोन मजग्या दोरीने व्यवस्थित झाल्या. खालच्या मजगीवर रानमोडी असल्यामुळे पोलादी ब्लेड लावायचे आहे, पण दोरीचा डबा काही केल्या सुटत नाही. जोर लावला तर शाफ्टच फिरतो. पुढे काय करावे?

चाकेपाने_चिपळूण

जोर वाढवू नका. आधी इंजिन बंद करून ते गार होऊ द्या आणि स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा. गिअरबॉक्सच्या कडेला एक लहान भोक असते. डबा हाताने सावकाश फिरवत राहा. आतल्या चकतीचे भोक त्याच्यासमोर आले, की सोबत मिळालेली ॲलन की (षटकोनी सळईची किल्ली) त्यात घाला. शाफ्ट तेथे अडकतो आणि फिरत नाही.

आता डबा सोडवताना नेहमीच्या उलट दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. येथे डावे आटे असतात, जेणेकरून चालू यंत्रात नट आपोआप सैल होणार नाही. ब्लेड बसवताना त्याचे मधले भोक खालच्या उंचवट्यावर नेमके बसले आहे हे बोटाने चाचपून पाहा, त्यावर चकती आणि कप ठेवा, आणि नट घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने पक्का करा. नटाला खिळ असेल तर ती दर वेळी नवी घाला. ॲलन की बाहेर काढल्याची खात्री झाल्यावरच प्लगची टोपी परत लावा. दोरीसाठीचा लहान गार्ड ब्लेडला चालत नसेल, तर पुस्तिकेत दाखवलेला ब्लेडचा गार्ड लावल्याशिवाय सुरू करू नका.

यंत्र खोललेच आहे तर गिअरबॉक्सच्या वरचा बोल्ट काढून आत ग्रीस आहे का पाहा. कारखान्यातून कधी कधी जेमतेमच भरलेले असते. पुढेही साधारण पंचवीस तासांच्या कामानंतर ते भरत राहा.